सत्तावीस अश्वशक्तीचा महिमा

मोठे होण्याचा हव्यास वाईट, हे संतांनी केव्हाच सांगून ठेवले होते. ते शासन निर्णयात उतरायला मार्च २०२४ उजाडावा लागला. ज्या साध्या यंत्रमागधारकाचा जोडभार २७ अश्वशक्तीच्या आत, त्याला वीजबिलात प्रतियुनिट १ रुपया जादा सवलत. २७ ओलांडून २०१ च्या आत जो राहिला, त्याला ७५ पैसे. अठ्ठाविसाव्या अश्वशक्तीचा मोह ज्याला आवरला नाही, त्याने युनिटमागे पंचवीस पैशांचे प्रायश्चित्त घ्यावे, हे न्यायाला धरूनच आहे.

इचलकरंजीचा, मालेगावचा खर्चीवाला, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणारा यंत्रमागधारक, जुना माग का सोडत नाही, यावर शहरांत परिसंवाद होतात. उत्तर त्याच्या वीजबिलावर छापलेले असते. साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे आडवे धागे टाकतो, हवेच्या झोताने विणणारा एअरजेट सहाशेच्या पुढे. पण एअरजेटला कॉम्प्रेसर लागतो, कॉम्प्रेसरने जोडभार चढतो, जोडभाराने रेघ ओलांडली जाते, आणि वर बँकेचा हप्ता. त्यापेक्षा धोट्याचा खडखडाट बरा. धंदा वाढलाच तर माग बदलू नये, मीटर वाढवावेत : एक आपल्या नावे, एक बायकोच्या, एक धाकट्या भावाच्या. कापड तेवढेच निघते, उद्योजक तिप्पट होतात. (आकडेवारीत हे फार शोभून दिसते.)

मग केंद्राने १ एप्रिल १९९९ पासून तंत्रज्ञान सुधार निधी योजनेत नव्या यंत्रांच्या कर्जावर पाच टक्के व्याज का सोसले, असे निंदक विचारतात. त्यांना समतोल कळत नाही. नवा माग घ्यायला दिल्लीने पैसे द्यावेत, जुना न मोडायला मुंबईने द्यावेत, आणि यंत्रमागधारकाने दोन्हीकडे अर्ज करावेत. अर्ज भरण्यातली त्याची उत्पादकता विलक्षण वाढली आहे. ती कोणी मोजत नाही, एवढेच.

लहानपण जपण्याची आपली परंपराही थोर आहे. लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची यादी १९६७ साली सुरू झाली आणि फुगत फुगत आठशेच्या पुढे गेली. शेवटच्या वीस वस्तू सुटल्या त्या २०१५ मध्ये. त्यांत लोणचे, उदबत्ती, मेणबत्ती, कुलूप. बड्या भांडवलदाराच्या तावडीतून आपले लोणचे इतकी वर्षे वाचले, याबद्दल कोणी आभार मानल्याचे ऐकिवात नाही.

२०१८-१९ च्या आर्थिक पाहणीने तर कृतघ्नपणाच केला. दहा वर्षे उलटूनही शंभर कामगारांच्या आत राहिलेल्या कारखान्यांना तिने ‘खुजे’ म्हटले. संघटित उत्पादन क्षेत्रात ते संख्येने निम्मे. रोजगारातला वाटा १४.१ टक्के, निव्वळ मूल्यवर्धनातला ७.६. इतक्या जणांनी इतक्या वर्षांत इतके कमी वाढून दाखवणे, यामागचे कष्ट पाहणीकारांना दिसले नाहीत.

सरकारला एकच विनंती. नव्या कारखान्याला पहिली काही वर्षे सवलत देऊन नंतर ती काढून घेण्याचा अविचार करू नये. तसे झाले तर लोक मोठे व्हायला लागतील.