बेताची मेमरी

वारंगा फाट्यावर तेव्हा लाईट जाणं हा दिनक्रम होता आणि येणं ही बातमी. अशा दिवसांत आमच्या मालकांनी ऑफिसात फॅक्स मशीन घ्यायचं मनावर घेतलं. परभणीतून आमचा हिंगोली जिल्हा वेगळा निघाला तो १ मे १९९९ ला. जिल्हा नवा कोरा मिळाला, पण टेलिफोनची तार जुनीच राहिली आणि तिच्यावर बसणारे कावळेही जुनेच. तरी मालक म्हणाले, आता जमाना फॅक्सचा आहे.

फाट्याची भूगोलात जागा चांगली आहे. एक रस्ता हिंगोलीकडं, एक नांदेडकडं आणि एक हदगाव, उमरखेडवरून नागपूरकडं. तिन्हीकडच्या गाड्या इथं खिचडीसाठी थांबतात, आणि खिचडी खाऊन झाली की कोणत्या रस्त्याला लागायचं ते आठवत बसतात. आमचं ऑफिस गाड्या भरून द्यायचं. अर्धापूर, डोंगरकड्याकडची केळी दिल्लीला, वसमतकडची हळद सांगलीला. ऑफिस म्हणजे एक टेबल, बिल्टीबुकांचा ढीग, कुलूप लावलेला फोन आणि मुनीमजी. कुलपाची किल्ली मुनीमजींच्या जानव्याला असायची.

तोवर आमचे फॅक्स शेजारच्या एसटीडी बूथवर यायचे. बूथवाला मन लावून वाचायचा. भावात काही विशेष असलं, तर समोरच्या खिचडीवाल्यालाही वाचून दाखवायचा. सांगलीत हळद चढली की पडली, हे मालकांना प्लेट हातात येताना कळायचं, तेही मिरचीबरोबर. या अपमानातून मशीनचा विचार निघाला.

नांदेडला वजिराबादेतल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं आधी चहा सांगितला, त्यावरूनच किमतीचा अंदाज आला. टेबलावर तीन मशिनी. पहिलं चकचकीत कागदाच्या रोलचं. दुसरं साध्या कागदाचं, आत काळी फिल्म. तिसरं लेसर. तिसऱ्याची किंमत ऐकून मालकांनी चहा खाली ठेवला.

"मेमरी बघून घ्या मालक," दुकानदार म्हणाला. "कागद संपला तरी आलेलं पान आत साठतं. नवा रोल घातला की आपोआप बाहेर. ह्याची २८ पानांची आहे."

"२८ पानं कोणाची?" मुनीमजींनी विचारलं.

आम्हाला वाटलं, म्हातारा भलतंच विचारायला लागला. पण प्रश्न मुद्द्याचा होता. माहितीपत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की ही पानं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या नमुना क्रमांक एकप्रमाणे मोजली आहेत. हा नमुना म्हणजे १८ जानेवारी १९७२ अशी तारीख टाकलेलं, स्लेरेक्स नावाच्या इंग्लिश कंपनीचं टाइप केलेलं पत्र. पत्राचा विषय काय, तर फॅक्स कसा चालतो. ऐसपैस समास, मोजक्या ओळी, खाली सही, बाकी कागद कोरा. आणि फॅक्सचं गणित असं की ते अक्षरं साठवत नाही. प्रत्येक बारीक ओळीत किती पांढरं, मग किती काळं, मग पुन्हा किती पांढरं, एवढंच टिपून ठेवतं. कोऱ्या जागेला फारसं काही लागत नाही. साहेबाचं पत्र म्हणूनच २८ वेळा मावतं.

आमची बिल्टी म्हणजे कार्बनखालची तिसरी प्रत. चौकटी, रबरी शिक्के, ड्रायव्हरचा अंगठा, हमालाच्या हाताची हळद आणि कार्बनची सगळीकडं पसरलेली काजळी. प्रत्येक ठिपक्यापाशी मशीनला पुन्हा मोजायला लागायचं. मुनीमजींनी खिशातून नमुन्याची बिल्टी काढून दाखवली. दुकानदारानं ती उजेडात धरली, उलटी केली, परत दिली. "अशी सात-आठ मावतील," तो म्हणाला. वर आवाज खाली आणून त्यानं हेही सांगितलं की लाईट गेली की ह्या मेमरीतलं पुसून जातं.

"मग मेमरी कामून म्हणायलाव?" मालक म्हणाले.

फिल्मवाल्याची गोष्ट उलटी. त्यातली काळी फिल्म जितकी वापरावी तितकी पुढं सरकते आणि आलेल्या प्रत्येक पानाचा ठसा तिच्यावर राहतो. वापरलेला रोल उजेडात धरला की महिन्याभराचा पत्रव्यवहार सलग वाचता येतो. दुकानदारानं हे कौतुकानं दाखवलं, नमुन्याला कोणा गिऱ्हाईकाचा रोल होता. आम्ही तिघांनी तो मन लावून वाचला. वाचून झाल्यावर मालक म्हणाले, हे मशीन नको, भंगारवाला आपलं घर वाचंल.

एवढा वेळ मालक एकाच गोष्टीवर अडकले होते. "कागद संपलाय, पान मेमरीत गेलं. तर पाठवणाऱ्याला काय कळतं?"

"त्याला ओकेची चिठ्ठी निघते. तारीख, टाईम, सगळं."

"म्हणजे मी वाचलं नाही, पाहिलं नाही, तरी मला मिळालं?"

"हौ!" दुकानदार आनंदानं म्हणाला. त्याला वाटलं, सौदा झाला.

मालकांचा चेहरा उतरला. ट्रान्सपोर्टचा धंदा चार खांबांवर उभा असतो: गाडी पंक्चर झाली, लाईट नव्हती, फॅक्सचा टोन लागला नाही, कागद संपला होता. त्यातला शेवटचा खांब हा माणूस पैसे घेऊन पाडायला निघाला होता. दिल्लीच्या आझादपूर मंडीतून केळी काळी पडल्याची तक्रार यायची, वर भाड्यात कपात. ती मिळालीच नाही म्हणता येत होतं, म्हणून तर आठवडाभर घासाघीस चालायची. आता दिल्लीवाला ओकेची चिठ्ठी नाचवणार.

मग मालकांनी जो हिशेब केला, तसा मी पुढं कुठल्या मॅनेजमेंटवाल्याच्या तोंडून ऐकला नाही. "सांगलीचा भाव एका पानात येतो. दिल्लीचं भांडण पाच पानांत येतं. आपल्याला तीन पानांची मेमरी पाहिजे."

दुकानदारानं आयुष्यभर जास्त मेमरी विकलेली. कमी मेमरी मागणारं गिऱ्हाईक त्याला नवीन होतं. तो म्हणाला, एवढी कमी आता येत नाही. मालक म्हणाले, शोधा. शेवटी पोटमाळ्यावरून धुळीनं माखलेलं रोलचं जुनं मशीन खाली आलं. मेमरी नावापुरती. मालकांनी त्यावरही घासाघीस केली, कारण माल जुना होता.

मशीन लई गुणाचं निघालं. "टोन द्या," असं फोनवर कोणी ओरडलं की आधी मुनीमजी विचारायचे, कुठून? सांगली असलं की लगेच टोन. दिल्ली असलं की रोल बाजूला. चौथ्या पानाला मेमरी भरायची, मशीन किंचाळायचं आणि तिकडं ओके निघायचं नाही.

रोलच्या कागदाला मात्र स्वतःची तब्येत होती. तो शाईनं छापत नाही, उष्णतेनं काळा पडतो. उन्हाळ्यात खिडकीत राहिलेले भाव पुसट व्हायचे, म्हणून मुनीमजी प्रत्येक फॅक्सची झेरॉक्स काढायला त्याच बूथवर जायचे. बूथवाला पुन्हा वाचायला लागला. एकदा ड्रायव्हरनं वाफाळती खिचडीची प्लेट नेमकी सांगलीच्या भावावर ठेवली. प्लेट उचलली तर खाली ग्रहण लागलेलं. क्विंटलचा आकडा त्या काळ्या गोलात गेला, तो आम्ही अंदाजानं भरला. आमच्याच बाजूनं भरला.

पुढं मोबाईल आले, फॅक्स पोटमाळ्यावर गेला. तो काळ संपला असं मी धरून चाललो होतो. मग २१ नोव्हेंबर २०१८ आला. जम्मू-काश्मीरच्या माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्तींनी सरकार बनवण्याचा दावा श्रीनगरहून जम्मूच्या राजभवनाला फॅक्सनं पाठवला. तो गेलाच नाही आणि त्याच संध्याकाळी विधानसभा विसर्जित झाली. राज्यपाल सत्यपाल मलिक म्हणाले, ईदची सुट्टी होती, फॅक्सपाशी कोण बसणार. देशभर चर्चा झडल्या, घटनातज्ज्ञ टीव्हीवर बसले.

मालक ऑफिसात बातमी बघत होते. मुनीमजी आता थकलेत, पण त्या दिवशी आले होते. बराच वेळ दोघं काही बोलले नाहीत.

"मुनीमजी," शेवटी मालक म्हणाले, "आपलं ते दुसरं कोणाला सांगितलं नव्हतं ना?"