रडणाऱ्या प्रवाशाची बाजू

चीनमधून मूल दत्तक घेऊन अमेरिकेला परत निघालेलं जोडपं विमानात ओळखायला फार हुशारी लागायची नाही. नवऱ्याच्या गळ्यात पासपोर्टची पिशवी, बायकोच्या खांद्यावर बिस्किटांचा ओला भुगा, दोघांचे चेहरे दोन आठवड्यांच्या जागरणाने ओढलेले आणि मधोमध दीड-दोन वर्षांचं एक मूल, जे आवाजात इंजिनालाही हार जायचं नाही. चीनने १९९२ साली परदेशी दत्तकाचं दार उघडलं आणि २०२४ मध्ये ते जवळजवळ पूर्ण लावून घेतलं. मधल्या काळात १,६०,००० हून अधिक मुलं बाहेर गेली, त्यांतली निम्म्याहून थोडी जास्त अमेरिकेत. एकट्या २००५ साली ती जवळजवळ ८,००० होती. म्हणजे पॅसिफिकवरून जाणाऱ्या विमानांत हा देखावा वर्षानुवर्षं होत आला. त्यावर सगळ्या विमानाचं एकमत असायचं की आईबाप बिचारे आणि पोर हट्टी. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. काय चाललंय याचा बरोबर अंदाज आलेला त्या विमानातला एकमेव प्रवासी म्हणजे ते रडणारं मूल. बाकीचे तीनशे जण गैरसमजात असतात.

मोठ्यांची तयारी आधी पाहू. घरी येऊन केलेल्या पाहणीचा अहवाल, बोटांचे ठसे, पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, लग्नाचा दाखला, मिळकतीचा दाखला. प्रत्येक कागदावर नोटरीचा शिक्का, नोटरी खरा आहे असं सांगणारा राज्य सरकारचा शिक्का आणि राज्य सरकार खरं आहे असं सांगणारा चिनी वकिलातीचा शिक्का. कागदी घोडे नाचवणं ही आपलीच कला आहे अशा भ्रमात असलेल्या मराठी माणसाने हा संच एकदा डोळ्यांखालून घालावा. २००६ नंतर रांग अशी तुंबली की निरोगी तान्ह्या मुलासाठी पाच-पाच वर्षांहून जास्त थांबावं लागायचं. एवढ्या अवधीत खोली रंगवून होते, पुस्तकं वाचून होतात, चॉपस्टिक धरता यायला लागते. आणि मुलाची तयारी? त्या दिवशी सकाळी त्याच्या अंगात दोन कपडे जास्तीचे चढवले जातात, बस. मग प्रांताच्या राजधानीतल्या, म्हणजे समजा चांगशा किंवा नानचांगमधल्या, सरकारी कचेरीत त्याला नेतात. रोज भरवणारी मावशी त्याला एका लांब नाकाच्या, डोळे पाणावलेल्या बाईच्या हातात देते आणि मागे सरते. दत्तकाच्या कागदावर कित्येकदा मुलाच्या तळपायाचा ठसाही घेत, लाल शाईत पाऊल बुडवून. एवढ्या मोठ्या कारभारात मुलाचं मत विचारलं गेलं ते एवढंच, आणि त्याने ते लाथ मारून दिलं.

मुलाने रडायला सुरुवात केली ती इथे. विमान अजून आठ-दहा दिवस लांब आहे. आधी मुलाचा चिनी पासपोर्ट निघायचा, मग सगळ्यांनी ग्वांगजौला जायचं, कारण अमेरिकेचा दत्तक-व्हिसा चीनमध्ये तिथेच मिळायचा. तिथे वैद्यकीय तपासणी. दोन वर्षांवरच्या मुलाच्या कातडीवर क्षयाची चाचणी केली की सूज आली की नाही हे बघायला ४८ ते ७२ तास थांबायचं. या वेळात पर्ल नदीकाठच्या शामियान बेटावर फिरायचं, आणि फिरताना रस्त्यावरच्या चिनी आज्यांची बोलणी खायची. अंगातून घामाच्या धारा वाहत असल्या तरी या आज्यांना मूल उघडं दिसतं. अनोळखी गोऱ्या बाईला थांबवून, पोराची पोटरी चिमटीत धरून, मोजे कुठे आहेत असा जाब त्या विचारतात. इतकी वर्षं नोटरीने, राज्याने आणि वकिलातीने आईपणासाठी लायक ठरवलेली बाई त्या एका मोज्यावर नापास होते.

बेटावरचं व्हाइट स्वान हॉटेल १९८३ सालचं. अमेरिकेची वकिलात अनेक वर्षं त्याच्या शेजारीच होती, त्यामुळे दत्तक घेणारी कुटुंबं तिथे उतरायची. तिथल्या दोन रिवाजांत मोठ्यांचा गैरसमज स्वच्छ दिसतो. पहिला लाल सोफ्याचा. एका खेपेला आलेली सगळी मुलं रेशमी चिनी झगे घालून लाल सोफ्यावर ओळीने मांडायची आणि फोटो काढायचा. समोर बाप मंडळी माकडासारखे आवाज काढताहेत, कडेच्या मुलाचा तोल जाऊन ते शेजारणीच्या मांडीवर कलंडतंय, तिसऱ्याने भोकाड पसरलंय आणि ते एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचव्यात पसरतंय. फोटो तरी सगळे हौसेने जपतात. दुसरा रिवाज बाहुलीचा. मॅटेल कंपनीने या कुटुंबांसाठी खास बार्बी काढली होती, सोनेरी केसांची, कडेवर चिनी बाळ घेतलेली, घरी निघालेली. ती हॉटेलात भेट मिळायची. ते बाळ अर्थातच रडत नाही. घरी नेण्याच्या मुलाबद्दल जगाची अपेक्षा काय आहे, ते प्लॅस्टिकमध्ये ओतून खोक्यात घालून दिलेलं होतं.

मग विमान. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत मूल मांडीवर बसतं आणि त्याचं तिकीट साधारण दहा टक्के. दुसऱ्या वाढदिवशी त्याला स्वतःची खुर्ची घ्यावी लागते. आता सोडून दिलेल्या मुलाचा वाढदिवस अनेकदा अनाथालयाने अंदाजाने लिहिलेला. त्या अंदाजावर कुणाचे शेकडो डॉलर वाचले, कुणाचे गेले. रात्री नऊला ग्वांगजौहून निघालेलं विमान बारा-तेरा तास उडून लॉस एंजेलिसला पोहोचतं ते त्याच तारखेच्या संध्याकाळी, म्हणजे निघाल्याच्याही आधी. वाररेषा ओलांडली की असं होतं, हे मोठी माणसं खिडकीबाहेर बघत शांतपणे मान्य करतात. मूल मान्य करत नाही. आदल्या पंधरवड्यात त्याची भाषा गेली, भात गेला, मावशी गेली, खोलीतली रांगेने झोपणारी मुलं गेली, आणि आता गेलेली संध्याकाळ दुसऱ्यांदा येतेय. या दोघांत भानावर कोण आहे?

हे नुसतं मुलाचं वकीलपत्र घेणं नव्हे, याला आधार आहे. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत बाल्टिमोरला एक प्रयोग बसवला आणि १९७० च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. वर्षाच्या आसपासचं मूल आईबरोबर एका नव्या खोलीत आणायचं. अनोळखी बाई आत येते, आई बाहेर जाते, परत येते, पुन्हा जाते. एकेक प्रवेश तीन-तीन मिनिटांचा, सगळा खेळ वीसेक मिनिटांचा, आणि मूल फार रडलं तर प्रवेश आखडता घ्यायचा. आई गेल्यावर कासावीस होऊन ती आल्यावर निवळणारं मूल त्यांच्या हिशेबात सुखरूप ठरलं. ज्याला काही फरकच पडत नाही, त्याच्याकडे जरा जास्त बारकाईने बघावं लागलं. विमानातला प्रयोग तेरा तासांचा, आखडता घ्यायची सोय नाही, आणि इथे अनोळखी बाई नुसती खोलीत येत नाही, तीच आई आहे असं सांगण्यात येतं. मूल रडतं म्हणजे ते प्रयोगाचं उत्तर बरोबर देतंय.

याहून भक्कम पुरावा रुमानियातला आहे. बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी २००० सालापासून संस्थांत वाढणाऱ्या १३६ मुलांचा अभ्यास केला. निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून पालक-कुटुंबांत ठेवलं. साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेली मुलं पुढे अधिक सावरली. पण तिथल्या संस्थांत गेलेल्या माणसांच्या मनात रुतून बसलेली गोष्ट वेगळीच होती, ती म्हणजे शांतता. खोलीभर तान्ही मुलं आणि रडणं नाही, कारण रडून कुणी येत नाही हा धडा ती शिकून चुकली होती. म्हणून दत्तकाच्या कामात मुरलेली माणसं नव्या आईबापांना सांगतात की मूल मावशीसाठी ऊर फुटेस्तोवर रडलं तर देवाचे आभार माना. त्याला कुणीतरी जीव लावला होता, आणि तेही जीव लावू शकतं. आपल्याकडे पाठवणीच्या वेळी मुलगी रडली नाही तर मांडवात चार बायका कुजबुजतात. तिला तर नवऱ्याचं नाव ठाऊक असतं, सासरचा पत्ता ठाऊक असतो, आणि दिवाळसणाला परत यायचंही असतं. तिला रडायची मुभा, आणि ह्याने मात्र सीटचा पट्टा लावून गप्प बसायचं.

यावर शेजारच्या खुर्चीतला प्रवासी म्हणेल, तुमचं मानसशास्त्र ठीक आहे हो, पण मी तिकिटाचे पूर्ण पैसे मोजलेत आणि सकाळी माझी मीटिंग आहे. तक्रार खोटी नाही. विमान कंपन्यांनी ती ओळखून धंदाही केला. एअर एशिया एक्सने २०१३ मध्ये आणि आपल्या इंडिगोने २०१६ मध्ये काही रांगा बारा वर्षांखालच्या मुलांना बंद केल्या. बाकीच्या रांगांतून आवाज कसा अडवायचा, हे मात्र कुणी सांगितलं नाही. हिशेबच करायचा तर दोन्ही बाजूंचा करू. शेजाऱ्याची एक रात्र जाते, मुलाचं होतं नव्हतं ते सगळं गेलेलं आहे, आणि शेजाऱ्याला कानात घालायचे बोळे मिळतात. कुणी म्हणतं, सर्दी-ॲलर्जीचं गुंगी आणणारं औषध द्यावं, पोर झोपेल. डॉक्टर हा सल्ला सहसा देत नाहीत. एक तर निरोगी मुलाला केवळ दुसऱ्यांच्या सोयीसाठी गुंगी देणं बरं नव्हे, आणि काही मुलांवर या औषधाचा उलटा परिणाम होऊन ती आणखी चवताळतात. तेरा तासांच्या प्रवासात हा जुगार कोण खेळणार?

त्याहून हुशार आक्षेप असा, की एवढ्या लहान वयातलं काही आठवत नाही, मग कशाला त्याचा बाऊ करायचा? खरं आहे, तीनेक वर्षांच्या आतलं सहसा कुणालाच आठवत नाही. पण आठवत नाही म्हणजे पुसलं गेलं असं नाही. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०१४ साली नऊ ते सतरा वर्षांच्या मुलींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या काही चीनमधून वर्षाच्या आसपास दत्तक आलेल्या, पुढे फक्त फ्रेंच बोलणाऱ्या, चिनी भाषेचा एक शब्द न कळणाऱ्या. त्यांना चिनी स्वरांचे तुकडे ऐकवले तेव्हा त्यांच्या मेंदूने चिनी बोलणाऱ्या मुलींसारखाच प्रतिसाद दिला. म्हणजे मुलगी विसरली, मेंदू विसरला नाही. विमानात मूल जे हरवल्याचं ओरडून सांगत होतं, ते त्याच्या आत कुठेतरी जागच्या जागी होतं.

एक आक्षेप मात्र मला निम्मा मान्य आहे. हा विषय हसण्यावारी नेण्याचा आहे का? हुनान प्रांतातल्या अनाथालयांनी पैसे देऊन मुलं मिळवल्याचं प्रकरण २००५ मध्ये उघडकीला आलं, लोकांना शिक्षा झाल्या, आणि आपलं मूल खरंच सोडून दिलेलं होतं का हा प्रश्न कितीतरी घरांत शिरला. शिक्के सगळे जागच्या जागी होते. हसायचं असेल तर त्या शिक्क्यांवरच्या श्रद्धेला हसावं. मुलाला हसण्यासारखं त्यात काहीच नाही, कारण कागदावर विश्वास न ठेवणारं त्या खोलीत तेच एक होतं.

अमेरिकेत उतरल्यावर कागद शेवटचा डाव टाकतो. वकिलातीत आईबापांनी उजवा हात वर करून शपथ घेतलेली असते, आणि त्यांना एक बंद पाकीट मिळालेलं असतं, जे त्यांनी उघडायचं नाही. तेरा तास ते आईच्या पायाशी, दुधाच्या बाटलीला खेटून असतं. फुटलं तर पंचाईत. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने ते फोडलं, शिक्का मारला, की त्या क्षणी मूल अमेरिकेचं नागरिक होतं. २७ फेब्रुवारी २००१ पासून कायदाच तसा आहे. त्या दिवशी ज्यांची अठरा वर्षं उलटलेली होती त्यांना मात्र तो लागू झाला नाही, आणि आईबापांकडून वेगळा अर्ज करायचा राहिला असल्यास आपण नागरिकच नाही हे काहींना पोक्त वयात कळलं. आमचं पोर मात्र भाग्यवान. जगातले लाखो लोक ज्या क्षणासाठी झुरतात तो त्याच्या वाट्याला येतो तेव्हा ते बहुधा दोन तासांपूर्वी लागलेल्या झोपेत असतं, आणि अधिकाऱ्याला चेहरा पासपोर्टशी ताडून बघायचा असल्याने त्याला हलवून उठवतात. पुढे काय होतं ते सांगायला नकोच.

बाहेर आजी-आजोबा, काका, शेजारी, फुगे, रंगीत फलक. सल्लागारांनी बजावलेलं असतं की पहिले काही आठवडे मुलाला आईबापांखेरीज कुणी घ्यायचं नाही, भरवायचं नाही. पण आजी हात पसरून पुढे येते. तिला सल्लागार कोण लागून गेलाय? आणि ज्या बाईकडे दोन आठवड्यांपूर्वी जायला नको होतं, तिच्याच गळ्याला मूल करकचून मिठी मारतं, तोंड तिच्या मानेत खुपसतं आणि आजीच्या नावाने नवी किंचाळी फोडतं. एन्सवर्थबाई तिथे असत्या तर त्यांनी वहीत खूण केली असती. जमलेली मंडळी मात्र एकमेकांना सांगतात की प्रवासाने दमलंय बिचारं, आणि फलक नीट दिसत नव्हता म्हणून फोटो पुन्हा काढायला लावतात.