खेळाचा तास कुणी खाल्ला?

सहामाही जवळ आली की शाळेत पहिला बळी कुणाचा जातो? खेळाच्या तासाचा. गणिताच्या बाई दारात येतात, "पोर्शन राहिलाय" म्हणतात आणि मैदानाकडे निघालेली रांग मुकाट बाकांवर परत बसते. खेळाच्या सरांनी भूमितीचा तास मागून घेतल्याचं कधी ऐकलंय?

2009च्या शिक्षणहक्क कायद्यात मैदान आहे, वर्गागणिक खेळाचं साहित्यही आहे. आता शाळेत जाऊन बघा. मैदानावर बस उभ्या. साहित्य कपाटात. कपाटाला कुलूप, किल्ली सरांकडे आणि सर निवडणुकीच्या कामावर.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं धाप लागेल अशी हालचाल हवी. आपल्या वेळापत्रकात आठवड्याला मोजकेच तास. तेही पोर्शन संपला तर!

बरं, तास झालाच तर? अख्ख्या वर्गात एक चेंडू. शाळेच्या संघातली पोरं खेळतात, बाकीची कडुलिंबाखाली बसून वह्या पुऱ्या करतात. ज्यांना धावायची सगळ्यात जास्त गरज, तीच बसलेली. वर्षातून एकदा क्रीडादिन, त्यातही पळणारे ठरलेले.

गृहपाठ नाही केला? मैदानाला पाच फेऱ्या. दंगा केला? उठाबशा. धावणं ही शिक्षाच असेल, तर ते पोर मोठेपणी आपणहून धावायला कशाला जाईल?

मुलींचं तर आठवीपासून संपतंच. ओढणी सावरत खो-खो खेळता येत नाही. कपडे बदलायला जागा नाही, नळाला पाणी नाही, कुंपणाला टेकून टपोरी उभे. "मुलींना खेळाची आवडच नसते" म्हणणाऱ्यांनी आधी स्वच्छतागृहाची कडी लागते का ते बघावं.

आवड नसते? जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांचा चषक भारताने जिंकला. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे.

पैसा नाही, हे कारण तर सांगूच नका. खो-खोला दोन खांब आणि फक्की लागते. लंगडीला तेवढंही लागत नाही. पावसाळ्यात व्हरांड्यात लेझीम होते. स्कॉटलंडमधल्या एका प्राथमिक शाळेने 2012 मध्ये मुलांना रोज पंधरा मिनिटं वर्गाबाहेर काढलं. धावा, दमलात तर चाला. स्पर्धा नाही, नंबर नाही, वेगळे कपडेही नाहीत. म्हणून शेवटचं मूलही पळालं. आज देशोदेशीच्या शाळा तेच करताहेत.

आपल्याला काय अडलंय? मैदान मोकळं करा, कुलूप काढा, फेऱ्यांची शिक्षा बंद करा, मुलींना ट्रॅकपँट द्या. आणि खेळाचा तास दुसऱ्या विषयाला देणं मुख्याध्यापकांनी सरळ बंद करावं.

पालकहो, येत्या पालकसभेत गणिताचे मार्क विचारून झाले की आणखी एक विचारा: गेल्या महिन्यात खेळाचे तास किती होते आणि झाले किती? उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका.