रा. रा. नलसाहेबांना अनावृत पत्र

रा. रा. नलसाहेब,
सा. न. वि. वि.

डेटाबेसच्या रिकाम्या रकान्यांत बसून आपण जो कारभार हाकता, त्याबद्दल आपला जाहीर सत्कार व्हावा, म्हणून हा पत्रप्रपंच.

एडगर कॉडसाहेबांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं, तेव्हा त्यात आपल्याला जागा नव्हती. १९७९च्या निबंधात मात्र त्यांनीच खरं आणि खोटं यांच्या जोडीला 'अज्ञात' आणून बसवलं आणि आपली कायमची सोय लागली. ख्रिस डेट यांनी आपल्याविरुद्ध वर्षानुवर्षं लिहिलं. आपण ढिम्म.

परवाचीच गोष्ट घ्या. पगाराच्या रकान्यावर आम्ही चेक लावला: पगार शून्याहून जास्तच हवा. आपण आलात. पगार किती? माहीत नाही. शून्याहून जास्त? तेही माहीत नाही. आता चेक अडवतो ते फक्त खोटं ठरलेल्याला. आपण खोटे ठरला नाहीत, म्हणून रुबाबात आत! पुढे व्हेअरनं पुकारा केला, शून्याहून जास्त पगारवाले या. आपण गैरहजर. बरं, जास्त नसलेले या. तरी गैरहजर! कारण व्हेअरला खरं ठरलेलंच चालतं. ओळी मोजायला घेतल्या की मात्र आपली ओळ हजर. म्हणजे दारावर संशयाचा फायदा आणि आत गेल्यावर संशयावरूनच हकालपट्टी, तीही एकाच भाषेत. (मायएसक्यूएलमध्ये तर २०१९ साली ८.०.१६ येईपर्यंत चेक नुसता वाचून सोडून देत. तिथे आपल्याला एवढेही कष्ट नव्हते.)

नॉट इनच्या यादीत आपण एकटे जरी शिरलात, तरी अख्खा निकाल रिकामा. जोड-फॉरेन कीचा एक रकाना आपण अडवलात, की दुसऱ्यात भलताच क्रमांक असला तरी मूळ तक्त्यात कुणी डोकावत नाही. युनिकचं तर विचारूच नका: एसक्यूएल सर्व्हर आपल्याला एकदाच घेतो, पोस्टग्रेस हवे तितके, दोन अज्ञात सारखे कशावरून, हा त्याचा सवाल. बिनतोड आहे, पण एकाच माणसाची दोनदा नोंद होते त्याचं काय?

यापुढे माझ्या तक्त्यांत प्रत्येक रकान्यावर आधी नॉट नल लागेल. आपल्याला यायचं असेल तर लेखी कारण द्यावं लागेल: माहिती अजून आलेली नाही, की ती इथे लागूच होत नाही? कॉडसाहेबांनीही पुढे हे दोन प्रकार वेगळे केले होते. आपण मात्र दोन्हीकडे एकच चेहरा घेऊन फिरता.

कळावे. लोभ आहे का, हे अज्ञात धरावे, चेकमधून जाईल.

आपला,
एक स्कीमालेखक