सेकंदाला शंभर खेपा

बीडच्या माणसानं धबधबा बघायला आफ्रिकेत जावं, हे आमच्या पाटोद्याच्या मामांना शेवटपर्यंत पटलं नाही. "कामून? आपल्या सौताड्याला काय झालंय?" सौताड्याला काही झालेलं नव्हतं. पाऊस झाला की विंचरणा नदी तिथं दरीत उडी घेते, खाली रामेश्वराचं देऊळ आहे, वर भजी मिळतात. पाऊस नाही झाला तर भजी तेवढी मिळतात.

पण मेव्हण्याला दिवाळीच्या सुट्टीत स्वस्त तिकिटं मिळाली. तिकिटं स्वस्त का, हे झांबियात उतरल्यावर कळलं. 1708 मीटर रुंद आणि 108 मीटर खोल असा जगप्रसिद्ध व्हिक्टोरिया धबधबा; आणि झांबियाच्या बाजूनं बघावं तर समोर नुसता काळा कडा! तोही बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या बालाघाटाच्याच जातीचा. फरक एवढाच, की आपला साडेसहा कोटी वर्षांचा आणि त्यांचा अठरा कोटींचा. आईला व्हिडिओ कॉल लावला.

"पाणी कुठंय रे?"

"मार्चपर्यंत येईल म्हणतात."

"मग तवर टँकर लावा म्हणावं."

गाइडनं धीर दिला. म्हणाला, लिव्हिंग्स्टनसुद्धा 16 नोव्हेंबर 1855 ला, असाच पाणी कमी असताना आला होता. लिव्हिंग्स्टनचं नाव निघताच मेव्हण्याची छाती फुगली. तो नाशिकचा. लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या मोहिमेत नाशिकच्या शरणपूरच्या मिशनशाळेत शिकलेले आफ्रिकी तरुण होते. त्यांतल्या जेकब वेनराइटनं 1874 मध्ये त्याच्या शवपेटीला लंडनपर्यंत सोबत केली. हे सगळं खरं आहे. तरीही पाण्याच्या गोष्टीत नाशिक आधी आणि आपण मागून, हे आफ्रिकेतही ऐकावं लागल्यानं मराठवाड्याचा माणूस म्हणून मी गप्प बसलो.

मग 1905 चा पूल ओलांडून झिंबाब्वेत गेलो. तिथं मात्र पाणी होतं. बाकीचे लोक फोटो काढत होते, मी हिशेब मांडत होतो. झांबेझीची वर्षाची सरासरी सेकंदाला दहा लाख लिटरच्या वर. मोठा टँकर दहा हजार लिटरचा. म्हणजे सेकंदाला शंभर खेपा! ना जीपीएस, ना लॉगबुक, ना सरपंचाची सही. आमच्याकडे एका खेपेवरून भावकीत भांडणं होतात. इथं शंभर खेपा डोळ्यांदेखत दरीत ओतल्या जातात आणि लोक टाळ्या वाजवतात. बायकोनं विचारलं, "कसं वाटतंय?" मी म्हणालो, "वाया चाललंय."

तरी जायचंच असेल, तर दिवाळीत जाऊ नका. मार्च ते मे या काळात जा. वरच्या खोऱ्यातला पाऊस तोवर खाली पोचतो आणि नेमक्या आपल्या टंचाईत झांबेझी दुथडी वाहते. सौताड्याला मात्र ऑगस्ट-सप्टेंबरात जा, आणि निघण्याआधी तिथल्या कुणाला तरी फोन करून पाऊस झालाय का, ते विचारा.