शेवरा पलंग

अहो, ऐकलंत का? या जरा भिंतीपाशी. मोठ्यानं बोलता येत नाही, त्यांची खिडकी उघडी आहे. गुरुजींच्या धाकट्या सुनेनं शेवटी पलंग पुरा केला! हो, तोच. उदगीरहून छोट्या हत्तीत घालून आणलेला, बदली झालेल्या कुणा साहेबाचा, दीड हजाराला.

तुम्ही माहेरी होतात नाही का तेव्हा... म्हणजे खरी मजा हुकली तुमची. टेम्पो दारात थांबला आणि सासूबाईंचं तोंड जे उतरलं! "परक्याचा पलंग? कोण झोपलं, कोण मेलं त्याच्यावर, काय ठावं?" सून हूं का चूं नाही. पलंग अंगणात उन्हाला उभा केला आणि ढेकणांसाठी सांध्यासांध्यांत उकळतं पाणी ओतलं. कोपऱ्यावरल्या काकू मुद्दाम तांदूळ मागायच्या निमित्तानं आल्या. त्यांनी नुकताच लातूरहून डबल बेड आणलेला ना, तो भुशाच्या फळ्यांचा, वरून चकचकीत. म्हणाल्या, "का गं, नवीन घ्यायचा परवडत नव्हता होय?" पोरीचा चेहरा पडला हो. मी बघितला ना इथूनच.

तर काय सांगत होते... रंग. पहिल्या दिवशी बाईसाहेबांनी काय केलं, पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा उघडला आणि ब्रश मारला थेट जुन्या पॉलिशवर. घासणं नाही, प्रायमर नाही. संध्याकाळी कसा झाक दिसत होता! दोन दिवसांनी नातवानं नख लावलं, तर दुधावरची साय निघावी तसा पापुद्रा हातात. जागोजागी पांढरं, मधून काळपट लाकूड. गुरुजी चष्मा वर करून म्हणाले, "सूनबाई, शेवरा झाला की ओ!" आता देवणी बैलांत शेवरा म्हणजे पांढऱ्यावर काळे ठिपकेवाला, ते काय तुम्हाला सांगायचं. अख्खी गल्ली हसली. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

मग मोबाईलवर बघून तो चॉक पेंटचा नाद. ॲनी स्लोन म्हणून कुणी विलायती बाई आहे, तिनं १९९० साली काढला म्हणे, घासायची कटकट नाही. तो महाग, म्हणून हिनं घरीच केला, प्लास्टिक पेंटमध्ये पीओपी कालवून. वहिनी, पीओपी काय कुणासाठी थांबतं? इकडं फोन आला, ही बोलत बसली आणि तिकडं बादलीत दगड! ब्रश आत उभाच्या उभा. सासूबाई म्हणाल्या, "पुरून टाक आता त्याला." (बादली माझी होती. अजून परत आली नाही, पण जाऊ द्या.)

शेवटी शिकवलं कुणी, सांगा बघू? तो ट्रॉल्या रंगवणारा पेंटर आहे ना, त्यानं. जाता जाता थांबला, पलंगावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ताई, लाकडाला आधी खरखरीत करा. गुळगुळीतावर रंगानं धरायचं कशाला?" एकशेवीस नंबरचा पॉलिश पेपर, तोही लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, आडवा नाही. मग फटींत लांबी, म्हणजे पुट्टी. मग प्रायमर. तो वाळला की बारीक पेपर हलका फिरवायचा, ओल्या फडक्यानं धूळ पुसायची, आणि मग पातळ दोन हात. "जाड एक हात म्हणजे ओघळ," असं त्यानं तीनदा सांगितलं. आणि सावलीत. आपल्या मे महिन्यात उन्हात रंगवलं तर वरची कातडी वाळते, आतलं ओलंच राहतं, फोड येतात. म्हणून पलंग लिंबाखाली.

हां, एक राहिलंच. पलंगाच्या पायांवर कुणी तरी पूर्वी हिरवा रंग दिलेला. ती तो कोरडाच घासायला बसली, तर कॉलेजात शिकवणारा तिचा दीर धावत आला. जुन्या रंगात शिसं असतं म्हणे. नोव्हेंबर २०१७ पासून कायद्यानं घरगुती रंगात दहा लाख भागांत नव्वद भागांच्या वर शिसं चालत नाही. हा पलंग त्याच्या कितीतरी आधीचा. ती धूळ लेकराच्या पोटात गेली तर डोक्यावर परिणाम होतो. मग काय, नातू आमच्या घरी, सुनेच्या तोंडाला मास्क, आणि घासायचं ते पाणी लावून. मला हे खरंच माहीत नव्हतं हो. आपल्या पोरांनी तर खिडकीचे गज चाटलेत...

असो. तर पलंग झाला पांढराशुभ्र. गुरुजी म्हणाले, "आता बालंक्या." पण सुनेनं काय करावं? डोक्याकडच्या फळीच्या दोन्ही कडा काळ्याभोर केल्या. गुरुजींनी टाळीच वाजवली, "वानेरा! वानेरा!" बाजारात जोडी बघावी तशी सगळ्या बाजूंनी फिरून बघितली. मग जुन्या स्टुलाला तोच रंग, आरशाच्या चौकटीला तोच. त्या आतल्या खोलीला आता बेडरूम म्हणायचं. सगळं मिळून चार हजारांच्या आत, पलंग धरून.

कोपऱ्यावरल्या काकू काल आल्या होत्या. बराच वेळ उभ्या. पलंगाला हात लावला, वाकून खालून बघितलं. सागवान निघालं ना ते, अस्सल. चेहरा असा... आणि हळूच काय विचारलं असेल? "ओल धरून बेडची फळी फुगली, तर त्याला काही करता येतं का गं?" पेंटर म्हणतो, भुशाची फळी फुगली की फुगली.

आणि सासूबाई? अहो, दुपारी डोकावून बघा. त्याच पलंगावर पंखा लावून घोरतात.

आता मीही मनावर घेतलंय. माझं लग्नातलं लोखंडी कपाट आहे ना, सासरे गोदरेजचं म्हणून मिरवायचे ते. गोदरेजची कपाटं १९२३ पासून निघतात, माझंही त्याच वर्षीचं असल्यासारखं गंजलंय. लोखंडाला वेगळं लागतं: आधी गंज खरवडायचा, मग रेड ऑक्साईड, मग रंग. तुम्ही उद्या उदगीरला चाललात ना? तेवढे चार वॉटर पेपर आणा माझ्यासाठी. आणि एक बादली.