न उडणाऱ्या चकतीचा उपासक

केळीला थंडी बाधू लागते, बामणोदच्या वांग्यांची भरितं रंगतात, त्याच सुमारास जळगाव-धुळ्यात अमेरिकेतले भाचे उतरतात. त्यांतला एक पोटप्रकार म्हणजे डिस्क गोल्फवाला भाचा. आईचे बदाम आणि मावशीची चॉकलेटं पाठीवरच्या सॅकमध्ये कोंबलेली. मोठ्या बॅगेत मात्र प्लास्टिकच्या चकत्यांची चळत. मामींना वाटतं, पोराने डब्यांची झाकणं आणली, डबे विसरला.

खेळ सोपा आहे. चकती फेकायची आणि कमीत कमी फेकींत साखळ्या लावलेल्या टोपलीत घालायची. पण भाच्याचा जीव फेकण्यापेक्षा निवडण्यात. प्रत्येक चकतीला चार आकडे असतात: वेग, तरंग, वळण आणि शेवटची कलाटणी. ते तो पत्रिका मांडावी तसे मांडतो.

"लांब कुणीही फेकतं, मामा. खरी परीक्षा शेवटच्या साठ फुटांत!" तिथे त्याला लागते 'ऱ्हायनो': वेग २, तरंग १, वळण ०, कलाटणी ३. म्हणजे मंद, हवेत रेंगाळायला नाखूश, मध्येच न भरकटणारी आणि उजव्या हाताने बॅकहँड टाकली की शेवटी डावीकडे झुकून खाली बसणारी.

मामांचा जन्म कापसाच्या भावात गेलेला. "म्हंजे उडवायची वस्तू, अन् तिचा गुण काय, तं ती उडत नाही?"

"करेक्ट!"

"मंग स्वस्त असंल."

"नाही, तेवढ्यालाच."

"कमी उडते तं पैसे कमी करायला पाहिजे होते, राजा. तू बोललाच नसशील."

प्रात्यक्षिक मेहरूण तलावावर होतं. टोपलीच्या जागी मामींची बादली. आधी तरंग ५ वाली चकती, दोष दाखवण्यापुरती. हलक्या हाताने सोडली तरी ती वाऱ्यावर चढते, बादलीला वळसा घालते आणि तलावात जाते. मग ऱ्हायनो. ही चांगली जोर लावून टाकली तरी बादलीपाशी धप्पकन पडते. काठावरचं एक पोरगं ओरडतं, "भो, हाई ते उडसच नही!" भाचा त्याला मनापासून 'थँक यू' म्हणतो.

धुळ्याच्या काकांकडे त्याला जरा मान मिळतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या आहेत. अशा वाऱ्याच्या मुलखात तरंगणारी चकती नेणं म्हणजे ती दान करणं, हे काकांना न समजावता पटतं.

जळगावला परतल्यावर, भरीत-पुरीच्या पंगतीत तो आदिपुरुषाची कथा लावतो. साखळ्यांच्या टोपलीचे जनक एड हेड्रिक यांनी १९७६ साली व्यावसायिक खेळाडूंची संघटना काढली; २००२ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून चकत्या घडवल्या गेल्या.

पंगत चिडीचूप. मामी पुरी वाढता वाढता विचारतात, "त्या तरी उडतात का रे?"

भाचा गंभीरपणे म्हणतो, "तरंग किती आहे ते बघावं लागेल."